पाठीमागून दिलेली शिवी

"तुझा काका हल्ली माझ्या शिवीला उत्तर देत नाही," तीदा कोनेह मला म्हणाली होती. "नीट बघ त्याच्याकडे. मला लक्षण बरं दिसत नाही."

मी तिच्या दुकानात भेंडी निवडत होते. दिवस भरत आले होते, वाकलं की धाप लागायची. मी म्हटलं, "थकले असतील, मावशी."

"थकलेला जोबार्ते शिवी चुकवत नाही. झोपेतसुद्धा देतो."

"मग रागावले असतील."

"राग आला की जास्त देतो." तिने भेंडीची पिशवी बांधून माझ्या हातात दिली. "पण तू शिकलेली. तुला मी काय सांगणार!"

जोबार्ते आणि कोनेह समोरासमोर आले की त्यांनी एकमेकांना शिव्या द्यायच्या, ही आमच्यातली पिढ्यांची रीत आहे. कोनेहांनी म्हणायचं, जोबार्ते चवळीखाऊ, आमच्या घरचे गुलाम. जोबार्तेंनी म्हणायचं, गुलाम तुम्ही, आणि चवळी मिळत नाही म्हणून जळता. मनाला लावून घ्यायचं नाही. आफ्रिकेत, गांबियात हे चालतं तसं इथे स्पेनमधल्या साल्ट गावातही चालतं. एकदा कुणा कातालान शेजाऱ्याने खरंच भांडण पेटलं समजून पोलीस बोलावले. तीदाने त्यांना आल्याचं सरबत पाजलं, आणि यांकुबाकाकांनी भर रस्त्यात त्या पोलिसांच्या बापजाद्यांची स्तुती गायली. कुणाची ते त्यांनाही माहीत नव्हतं.

रोज सकाळी काका नदीकाठच्या भाजीच्या वाफ्यांकडे निघाले की तीदा दुकानाच्या दारातून ओरडायची, आणि काका मागे न वळता हात उंच करून उत्तर भिरकावायचे. ते उत्तर येणं बंद झालं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मग बाळ झालं आणि माझं सगळं लक्ष एकाच माणसावर खिळलं. इथे दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे कान तपासतात. आमच्या बाळाच्या डाव्या कानाची तपासणी नीट झाली नाही. नर्स म्हणाली, कानात पाणी असेल, पुन्हा बोलावू. त्या वाक्यातला 'असेल' तेवढा घेऊन मी घरी आले. दिवसभर त्याच्या डोक्यामागे चुटक्या वाजवायचे, वाटीवर चमचा मारायचे आणि पापणी हलली का ते बघायचे.

"झोपू दे गं त्याला," माझा नवरा देंबो म्हणायचा. "त्याच्या जागी मी असतो तर मीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं."

*

बारशाच्या सकाळी वारा सुटला होता. स्वयंपाकघराची खिडकी खडखडत होती. देंबोने दार लोटून घेतलं.

"नाव तेच," तो म्हणाला. "मी इमामांना सांगून आलोय. इमाम, तू आणि मी. चौथ्या माणसाला ठाऊक नाही."

"तुझ्या बाबांना?"

"त्यांना सांगितलं असतं तर ते नाव राहिलं असतं का?"

पहिल्या मुलाला आजोबांचं नाव, म्हणजे केब्बा, हे दार्बोंच्या, म्हणजे देंबोच्या घरात कुणी ठरवावंही लागत नाही. देंबोला ठेवायचं होतं यांकुबा. माझ्या काकांचं. एका जालीचं.

जाली म्हणजे भाट. इतरांच्या पिढ्या पाठ करायच्या, इतरांच्या बारशा-लग्नात त्या गायच्या, हे आमचं काम. दार्बोंसारख्या घराण्यात जालीला मान असतो, बिदागी असते. त्याची मुलगी सून म्हणून येत नाही. आमच्या लग्नाला सासऱ्यांनी फोनवरूनच नकार दिला होता. तेव्हा काका कुणाला न विचारता विमानात बसले, सासऱ्यांच्या दारात जाऊन ओसरीच्या पायरीवर बसले, आणि आपलं तंतुवाद्य, कोरा, मांडीत घेऊन दार्बोंच्या पूर्वजांची नावं गाऊ लागले. सासऱ्यांना स्वतःला ठाऊक नव्हती अशी नावं त्यात होती. संध्याकाळी सासरे दाराशी आले तेव्हा नाही म्हणायला त्यांना तोंड उरलं नव्हतं.

"त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही माझ्या बापाने," देंबो म्हणाला. हे तो वर्षातून एकदा तरी म्हणतो. "आता दार्बोंच्या घरात यांकुबा नावाने हाका मारू दे सगळ्यांना. बाबा रुसतील. रुसू देत."

देंबो मोठ्याने बोलणारा माणूस नाही. डुकराच्या मांसाच्या कारखान्यात काम करून घरी येतो, अंगाला साबण चोळून चोळून धुतो, मग नमाजाला उभा राहतो, आणि या सगळ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. बापाविरुद्ध एवढं एकच पाऊल त्याने आयुष्यात उचललं होतं, तेही इमामांच्या कानात.

*

वस्तीच्या सभागृहात वुडेआत्या आधीच पोहोचली होती. ही काकांची धाकटी बहीण. बारशात आत्याचा शब्द वरचा, मग ती कुणाचीही आत्या असो. तिने खुर्च्या एकदा मांडून घेतल्या, मग पुन्हा हलवायला लावल्या. तांदळाच्या पिठाचे मुनकोचे लाडू वळणाऱ्या बायकांना साखर कमी पडली म्हणून बोल लावले, आणि मला बघताच बाळ काढून घेतलं.

"उतरलाय गं चेहरा याचा. पाजतेस ना नीट?"

"पाजते, आत्या."

"हं. तुझा काका आलाय बघ. माझ्याशी बोलत नाही."

आत्याच्या बाजूने हे असं होतं. तिचा मुलगा फान्सू चांगला वाजवतो. त्याचा स्वतःचा ताफा आहे, उन्हाळाभर किनाऱ्यावरच्या गावांत त्यांचे कार्यक्रम असतात, कातालान पोरंपोरी वाळूत नाचतात. पण त्याच्या हातातला कोरा विकत घेतलेला आहे. घराण्याचा कोरा, आजोबांच्या हातचा, काकांकडे. महिन्याभरापूर्वी जेवताना आत्याने विषय काढला होता. काका पुढ्यातल्या भांड्यातल्या शेंगदाण्याच्या रश्श्यात घास बुडवत राहिले. तिने दुसऱ्यांदा विचारलं. त्यांनी मान खाली घालून म्हटलं, "छान झालंय. मीठ बेताचं आहे."

त्या दिवसापासून ती धुमसत होती.

"सरळ नाही म्हणाला असता तरी चाललं असतं," ती मला सांगत होती, बाळाला थोपटत. "मिठाचं काय सांगतो मला?"

फान्सू ध्वनिवर्धकाच्या तारा जोडत होता. आईचं बोलणं ऐकून तो म्हणाला, "आई, सोड. मामाची मर्जी."

"तू गप्प बस. तुझ्यासाठीच वाईटपणा घेतेय मी."

"मी कधी मागितला?"

"मागितला नाहीस म्हणूनच!"

काका कोपऱ्यात बसून तारा लावत होते. कोऱ्याच्या दांडीवर त्यांनी जबडा टेकला होता, डोळे मिटले होते. कोरा मोठा असतो, अर्धा भोपळा कातड्याने मढवलेला आणि त्यातून वर गेलेली उंच दांडी. वाजवणारा माणूस त्याला समोर धरून बसतो. पण काका असे त्याच्यावर कलंडून बसलेले मी पूर्वी पाहिले नव्हते. म्हातारे झाले, असं माझ्या मनात येऊन गेलं. मी जवळ जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकले, मग हसले आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

"दमलात का, काका?"

"छान, छान," ते म्हणाले.

*

लोक जमले. मोठ्या मोबाइलवर माझे सासरे दिसत होते, गांबियातल्या त्यांच्या अंगणात पांढरा झगा घालून ताठ बसलेले. देंबोने तो मोबाइल खुर्चीवर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. इमामांनी बाळाच्या जावळाची पहिली बट कापली.

त्याच वेळी फान्सूच्या ताफ्यातल्या ढोलवाल्याने चाचणी म्हणून एक थाप मारली.

बाळाचे दोन्ही हात उडाले. बोटं पसरली, तोंड वाकडं झालं, आणि ते रडायला लागलं. आत्या ढोलवाल्यावर खेकसली. मला मात्र त्याला मिठी मारावीशी वाटली. मी सभागृहभर पाहिलं, कुणाला तरी सांगावं म्हणून. सगळ्यांच्या माना ढोलाकडे वळल्या होत्या. काकांची वळली नव्हती. ते पंच्याच्या टोकाने कोऱ्याच्या कातड्यावरची धूळ पुसत होते. मी ते पाहिलं, आणि पुन्हा बाळाकडे वळले.

इमामांनी बाळाच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन प्रार्थना म्हटली, मग नाव सांगितलं. मग रीतीप्रमाणे ते काकांकडे झुकले आणि त्यांच्या कानात तेच नाव कुजबुजले. इमाम नाव कानात ठेवतो, जाली ते जगाला सांगतो. जालीने पुकारलं की ते पक्कं.

काका उठले. छाती भरून श्वास घेतला. त्यांचा आवाज अजून त्या सभागृहाला पुरून उरेल असा आहे.

"केब्बा!" ते गरजले. "केब्बा दार्बो! केब्बाच्या मुलाचा मुलगा केब्बा!"

बायकांनी जिभा थरथरवून ललकाऱ्या दिल्या. जालींच्या बायका तालाला वाजवतात ती लोखंडी नळी आत्याच्या हातात खणखणू लागली. मोबाइलमध्ये सासरे उभे राहिले, इतके जवळ आले की फक्त त्यांचं कपाळ आणि एक ओला डोळा दिसत होता. "ऐकलंत का?" ते तिकडच्या लोकांना सांगत होते. "जालीच्या तोंडून! माझं नाव!"

इमामांनी देंबोकडे पाहिलं. देंबोने जमिनीकडे.

*

सभागृहाच्या मागच्या स्वयंपाकघरात देंबोने भाताच्या पातेल्यावर हात टेकले. पातेलं तापलेलं होतं, ते त्याला उशिरा कळलं.

"त्यांनी परत केलं," तो म्हणाला. "मी दिलेलं, सगळ्यांसमोर परत केलं."

"अरे, ऐकण्यात काही..."

"इमामांनी कानात सांगितलं, न्यीमा. कानात! यापेक्षा जवळून कसं सांगतात?" तो हळू बोलत होता, त्याचीच मला भीती वाटली. "माझ्या बापाने पाणी विचारलं नव्हतं, ते त्यांनी आज फेडलं. दार्बोंचं काही नको त्यांना. बरोबर आहे."

आत्या आत आली. "काय परत केलं? कोण कुणाला काय देत होतं?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं का, हा विचार नंतर आला. आत्याने डोक्याच्या फडक्याच्या टोकाने घाम पुसला आणि पातेल्याशेजारच्या स्टुलावर बसली.

"त्याचं नाव ठेवणार होतात?"

"हो."

"आणि हा केब्बा म्हणून ओरडला." तिला पहिल्यांदा बरं वाटलं असावं, मग वाईट. माझी ही आत्या मी पुरती ओळखते. "म्हणजे राग माझ्यावर, आणि काढला पोरावर. मी कोरा मागितला ना! म्हणाला असेल, घ्या, आता माझं नावही नको आणि कोराही नको. दादा असाच. आमची आई गेली तेव्हाही..."

"आत्या, आईचं आत्ता नको," देंबो म्हणाला. "मी आणि माझा मुलगा यापुढे त्यांच्या दारात जाणार नाही. न्यीमाला जायचं तर तिने जावं."

"मला सूट दिलीस वाटतं," मी म्हटलं.

"जाऊ नकोच दारात!" आत्या म्हणाली. एरवी देंबोला ती 'डुकरवाला जावई' म्हणते. आज एका दमात त्याच्या बाजूची झाली. "मीही जात नाही. कळू दे त्याला."

फान्सू दारात उभा होता. "मामा बाहेर एकटाच बसलाय," तो म्हणाला. "विचारतोय, जेवायला कधी वाढणार. काही झालंय असं त्याला वाटतच नाहीये."

"नाटक," आत्या म्हणाली.

"नाटक नाही." हा आवाज तीदा कोनेहचा होता. ती पाहुण्यांना वाटून उरलेल्या कोला सुपाऱ्यांची परात ठेवायला आत आली होती आणि परात हातातच होती. "गाढवांचा बाजार नुसता. तू म्हणतेस कोऱ्याचा राग, हा म्हणतो पाण्याचा राग. ज्याला जे टोचतंय ते त्याने यांकुबाच्या तोंडात घातलं. चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"मी शिवी देणार आहे. साक्षीदार लागतात."

*

काका पुन्हा कोपऱ्यात, दांडीला जबडा लावून. लोक जेवणाची वाट बघत गप्पा मारत होते. तीदा त्यांच्या पाठीमागे, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि बाजारातल्या आवाजात म्हणाली:

"ए चवळीखाऊ! तुझ्या आजोबाला माझ्या आजोबाने एका कोंबडीला विकला होता. दुसऱ्या दिवशी घेणारा माणूस कोंबडी परत मागायला आला!"

सभागृह हसलं. मग सगळे थांबले, कारण आता जोबार्तेची पाळी होती, आणि ती कोणी बुडवत नाही.

काकांनी दांडीवरची चामड्याची एक कडी अंगठ्याने खाली सरकवली. तार छेडली. पुन्हा सरकवली.

"अरे कोंबडीच्या मोलाच्या!" तीदा आणखी मोठ्याने म्हणाली. आता कुणी हसलं नाही.

तीदा चालत त्यांच्या समोर आली. वाकली, तोंडासमोर तोंड नेलं, आणि अगदी हळू, जवळजवळ आवाजच न करता, तेच वाक्य ओठांनी म्हटलं. काकांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. चेहरा उजळला.

"कोंबडी परत मागितली, कारण ती कोनेहांच्या घरची होती," ते म्हणाले. "तिच्यात रस्सा करण्याइतकंही मांस नव्हतं!"

एक जण हसला. एकच. मग तोही गप्प झाला. आत्याने तोंडावर हात ठेवला. तिच्या हातातली लोखंडी नळी जमिनीवर पडून मोठ्याने वाजली, आणि काका तीदाकडे बघून हसतच राहिले, आता तिची पाळी आली म्हणून.

*

काकांच्या बाजूने ते कसं होतं, हे त्यांनी मला नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

आधी बारीक तारा गेल्या. कोऱ्याच्या तारा मासेमारीच्या दोऱ्याच्या असतात. त्यांना वाटलं दोरा हलका आलाय, म्हणून त्यांनी दुकानदाराशी भांडून नवा आणला. मग पाखरं गेली. मग लोक पुटपुटायला लागले. एके दिवशी चुकून जबडा दांडीला टेकला आणि सगळ्या तारा हाडातून परत आल्या, पूर्वीसारख्या. त्यांना वाटलं, पुरे आहे, एवढ्यावर भागेल. जालीचे कान गेले असं कळलं की लोक त्याला वाकून नमस्कार करतात आणि गायला मात्र दुसऱ्याला बोलावतात.

इमाम झुकले तेव्हा त्यांच्या गालाला दाढी लागली, ऊन श्वास लागला. शब्द आला नाही. भर बारशात इमामांना पुन्हा सांगा म्हणायचं कसं? दार्बोंचा पहिला नातू, आजोबा समोर मोबाइलमध्ये बसलेले. दुसरं कुठलं नाव असणार?

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी देंबो पुढे आला, तेव्हा यातलं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. तो काकांच्या समोर गुडघ्यांवर बसला. काका त्याच्या भाजलेल्या तळव्याकडे बघू लागले. कोऱ्याच्या भोपळ्याला बाजूला एक मोठं भोक असतं, गाणं आवडलं की लोक त्यात नोटा टाकतात. देंबोने काकांची मान अलगद धरून, ते सकाळपासून टेकवत होते तसाच जबडा दांडीवर टेकवला, आणि स्वतः त्या भोकापाशी तोंड नेलं.

"काका," तो भोपळ्यात म्हणाला. "मुलाचं नाव यांकुबा ठेवलं होतं."

काकांनी डोळे मिटले.

"पुन्हा सांग."

"यांकुबा. तुमचं."

त्यांनी जबडा दांडीवर आणखी घट्ट टेकवला. मग डोळे न उघडताच म्हणाले, "आता केब्बाच. मी पुकारलंय."

"बदलू आपण. इमाम आहेत अजून, बाबांना मी..."

काकांनी डोळे उघडले तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून हाताने खूण केली, बदलू म्हणून.

"नाही. मी एक नाव मागे घेतलं, तर उद्या लोक मी गायलेल्या प्रत्येक आजोबाबद्दल विचारतील, हा तरी खरा का." ते माझ्याकडे बघत होते, माझ्या ओठांकडे. "इमामांनी बाळाच्या कानात काय सांगितलं?"

"यांकुबा," मी सावकाश म्हटलं.

"कुठल्या कानात?"

"उजव्या."

"तो बरा आहे ना?"

"तो बरा आहे."

"मग त्याने ऐकलंय," काका म्हणाले. "वुडे कुठे आहे? वाढा म्हणावं. आणि फान्सूला बोलव. या बारीक तारा मला लागत नाहीत, त्याच्याकडून लावून घेतो."

आत्या तिथेच होती. कोऱ्याबद्दल ती काही बोलली नाही. भाताचं ताट तिने स्वतः आणलं, भावाच्या समोर बसली, आणि घास त्याच्या हातात द्यायच्या आधी त्याचा चेहरा स्वतःकडे वळवून विचारलं, "मीठ बेताचं आहे का?"

बाळाच्या डाव्या कानाची तपासणी नंतर नीट झाली, त्याला ऐकू येतं. काकांना कानाच्या डॉक्टरकडे तीदा घेऊन गेली, आमच्यापैकी कुणाचं त्यांनी ऐकलं नाही. यंत्र मिळालं आहे. त्यात कोरा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो म्हणतात, आणि वाजवताना काढून भोपळ्याच्या भोकात टाकतात. देंबो त्यांच्याकडे जातो. सासरे फोन करतात आणि माझ्या केब्बाला दाखव म्हणतात. बाळ रडत असेल आणि आसपास कोणी नसेल, तेव्हा मी त्याच्या उजव्या कानाशी दुसरं नाव घेते.

एक सांगू? तुमच्याही घरात कुणीतरी असेल. पूर्वी शब्दाला शब्द देणारं आणि हल्ली गप्प. त्या गप्पपणाला तुम्ही काहीतरी म्हणून टाकलं असेल, राग म्हणा, वय म्हणा, तुमचंच जे टोचत असेल ते. आज त्यांच्याकडे एक फेरी मारा. समोरून जाऊ नका, समोरून सगळेच हसतात. पाठीमागे उभे राहा, त्यांना नावाने हाक मारा, आणि वळतात का बघा.